खुर्ची की खराटा?
मंडळी, शिकलास तर खुर्ची, नाहीतर खराटा, असं आपण पोरांना सांगतो. पण याच खानदेशात एम. ए. झालेल्या साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी १९३० साली सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनी लिहून घेतली. पुढे १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या वेळी त्याच हातांनी मैला वाहिला. आता बघा, गुरुजींनी ते काम स्वतः निवडलं होतं. ज्यांच्या वाट्याला ते जन्मानं यायचं, त्यांना कुणी विचारलंच नाही. तेव्हा मुलाला खराट्याची भीती घालण्याआधी आपण एवढं तरी विचारू या: आपल्या गावात खराटा कुणाच्या हाती आहे, आणि त्याच्या पोरांना खुर्ची निवडता येते का?