निपाणीच्या वखारीपासून काचेच्या छतापर्यंत

सीमाभागातील स्त्रीच्या कर्तृत्वाचा विषय निघाला की आपण कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे नाव घेतो. १८२४ साली त्या ईस्ट इंडिया कंपनीशी लढल्या. म्हणजे त्या काळच्या एका बलाढ्य कंपनीशीच! हा अभिमान योग्यच आहे. पण आपल्याच निपाणीत, ज्यांच्यापाशी राज्य नव्हते की शिक्षण नव्हते, अशा स्त्रियांनी जे केले ते आपण आपल्या मुलींना क्वचितच सांगतो.

निपाणी म्हटले की तंबाखू. वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे बायकांची. दिवसभर नाकातोंडात धूळ, मजुरी तुटपुंजी. कामगारांसाठी कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामाचे तास आणि पाळणाघर होते. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, १९७६ मध्ये समान वेतनाचाही झाला. पण कायदा कागदावरून माणसापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे आम्ही सरकारी नोकरीतली माणसे रोज पाहतो. मागणारे कोणी उभे राहिले तरच तो हलतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या बायका उभ्या राहिल्या. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. पण कामावरून काढले जाण्याची भीती पत्करली ती या बायकांनीच. १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला. त्यात या बायका स्वतःच आपले म्हणणे मांडतात.

त्याच सुमारास शिकलेल्या मुलींपुढे वेगळी भिंत होती. शिगगावी जन्मलेल्या, हुबळीत अभियांत्रिकी शिकलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी १९७४ मध्ये टेल्कोची ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी जाहिरात वाचली. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि नोकरी मिळवली. पुढे २०१३ मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक महिला घेणे बंधनकारक केले.

निदान एक! इतक्या साध्या गोष्टीसाठीही कायदा करावा लागला, यातच सारे आले. वरचे पद दिसते, पण तिथे पोहोचू न देणारा अडथळा दिसत नाही. म्हणूनच त्याला काचेचे छत म्हणतात.

आज बेळगाव-निपाणीच्या मुली अभियंता होऊन पुण्या-बेंगळुरूला जातात. त्यांच्या नोकरीचे पेढे आपण आनंदाने वाटतो. पण बढतीबरोबर परगावची बदली आली, की “आता संसार बघ” असे सांगणारे आपणच असतो. हे छत कंपनीत दिसते खरे, पण त्याची पहिली काच आपल्या घरातच बसवली जाते.

आरतीचे ताट घराघरांत बायकाच सजवतात. मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मात्र आपल्याला किती वेळा त्यांची आठवण होते? वखारीतल्या त्या माउल्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. त्यांच्या नातींना ती वाट पाहावी लागू नये, एवढे तरी आपण यंदा बाप्पासमोर ठरवू या.