प्राणवायूचा पत्ता

2021 साली सुरतेतल्या लिंबायतला आमच्या गल्लीत एकच ऑक्सिमीटर दहा घरं फिरत होता. बोटाला चिमटा लावला की विचारणा व्हायची, "काकू, ऑक्सिजन किती?" प्राणवायू किती, असं कुणी विचारलं नाही. तो शब्द मराठी शाळेच्या पुस्तकातला. मी अडकलो तो मात्र त्यातच.

ऑक्सिजन म्हणजे आम्ल घडवणारा. हे बारसं लॅव्हाझिएचं, आणि चुकीचं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. बंगालीनं ती चूकही उचलली: अम्लजान. मराठी-गुजराती प्राणवायू म्हणून मोकळ्या झाल्या. सरळ खुलासा असा, की या वायूला फ्रेंचमध्ये आधी 'जीवनदायी हवा' म्हणत, त्याचंच हे भाषांतर. असेलही. पण मग 'जीवनवायू' का झालं नाही? माझ्या मते शब्द तयारच होता. आयुर्वेदाच्या पाच वायूंतला पहिला प्राण. सुश्रुत त्याला तोंडात फिरवतो. चरक मात्र त्याच्या ठिकाणांत डोकं पहिलं सांगतो, आणि वाग्भट तर बुद्धी, इंद्रियं, चित्त त्याच्याच हवाली करतो. वाग्भटाला हिमोग्लोबिन ठाऊक नव्हतं, कबूल. पण वजनानं शरीराच्या 2 टक्के असलेला मेंदू 20 टक्के ऑक्सिजन खातो, हे वाचलं आणि मी उठून बसलो.

मोजणाऱ्यांनाही या पत्त्यानं छळलं. केटी आणि श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, मानेच्या शिरेतलं रक्त तपासून अख्ख्या मेंदूचा हिशेब लावला. 1955 मध्ये सोकोलॉफ आणि मंडळींनी माणसांना तोंडी गणितं घातली. एकूण खर्च हलेना! 1986 मध्ये फॉक्स आणि रेकल यांनी बोटांना कंपनं देऊन पेट स्कॅन काढले. मेंदूच्या त्या भागात रक्त 29 टक्क्यांनी वाढलं, ऑक्सिजनचा खर्च जेमतेम 5 टक्क्यांनी. एका मागाला दोन बॉबिनी हव्या होत्या आणि मुकादमानं पेटीच आणून ओतली, तसं. उरलेला माल शिरेतून परत.

ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, हे पॉलिंग आणि कोर्येल यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. 1990 मध्ये ओगावांनी एमआरआयला तेच दाखवायला लावलं. जादा रक्त आलं की असं हिमोग्लोबिन त्या जागी विरळ होतं आणि चित्र उजळतं. म्हणजे मेंदूची ती रंगीत चित्रं खर्चाची नव्हेत, उरलेल्या मालाची!

1977 मध्ये योब्सिसनं कवटीतून अवरक्त प्रकाश पाठवून रक्ताचा रंग वाचला. आमचा चिमटा याच घराण्यातला, फक्त बोटापुरता. काकूंना 94 दिसायचं. ते धमनीतून आलेल्या मालाचं. त्यातला डोक्यानं किती वापरला, ते त्या चिमट्याला कळत नव्हतं. काकू मात्र ते बोट वर धरूनच दुधाचा हिशेब करायच्या.