पेढीवरची वही आणि कॉमर्सचा वर्ग

काळबादेवीच्या पेढीवर पोरगा आधी गादी झटकायला शिकायचा, मग वही लिहायला. लाल कापडात बांधलेल्या त्या लांबट वहीत रेघा नसत, कागदाला घड्या असत. डावीकडच्या घड्यांत जमा, उजवीकडच्यांत नावे. विलायती खतावणीत नावे डावीकडे. त्यामुळे कॉमर्स शिकवताना माझ्या वर्गात पेढीवाल्यांची मुलेच सुरुवातीला हमखास उलट्या नोंदी करत.

मुंबईत 1913 साली सिडनहॅम कॉलेज निघाले, पण ते पेढीचा वारसा पुढे चालवायला नव्हे. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा झाला आणि कंपन्यांचे हिशेब तपासायला प्रमाणपत्रवाले ऑडिटर लागू लागले. कॉलेजसाठी खटपट करणारे के. एस. अय्यर स्वतः अकाउंटंट. माझ्या मते आमचा अभ्यासक्रम जन्मापासूनच मुनिमाचा, शेठचा कधीच नव्हता.

तरी याच कॉलेजात नोव्हेंबर 1918 मध्ये 27 वर्षांचे आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार 450 रुपये. त्यातूनच लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पैसे साठवायचे होते. दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसत. त्याच वर्षी लहान शेतांवरचा त्यांचा निबंध छापून आला. जो तो शेताचे तुकडे एकत्र करा म्हणत होता. आंबेडकरांचे म्हणणे, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल किती, यावर ठरते. भांडवल तेवढेच ठेवून शेत वाढवाल तर उत्पन्न घटेल. शेतीवर साचलेली माणसे उद्योगांकडे वळवा, हा त्यांचा उपाय. मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

पुढे धनंजयराव गाडगीळांनी हिंदी व्यापारी वर्ग कसा घडला यावर 1959 साली पुस्तकच लिहिले. आणि हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष! आमच्या ग्रंथालयात मात्र ते अर्थशास्त्राच्या कपाटात; कॉमर्सची मुले तिकडे फिरकत नसत. त्यांच्या उद्योजकतेच्या पेपरात ‘यशस्वी उद्योजकाचे गुण सांगा’ एवढ्यावर भागे.

एकदा पेपर बाजूला ठेवून मी लहान शेतांचा निबंध वर्गात घेतला. मागच्या बाकावरच्या एका ऊसवाल्याच्या पोराने घरच्या दोन एकरांचा हिशेब मांडला. बेणे, खत, पाणीपट्टी, सोसायटीचे व्याज, सगळे आले. मग त्याने विचारले, “सर, वडलांची मजुरी कुठं धरायची?”