क्रूझ जहाजांवरील धर्मगुरू : प्रवाशांची सोय झाली, कर्मचाऱ्यांचे काय?

नांदेड/लातूर, प्रतिनिधी : नांदेड आणि लातूर हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरीही जहाजप्रवास या भागाला परका नाही. येथील हजयात्रेकरू विमानसेवा सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यापूर्वी मुंबईहून जहाजानेच जेद्दाहला जात. आज हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांपुढे क्रूझ जहाजावरील नोकरी हा एक पर्याय असतो. काही हजार माणसे आठवडेच्या आठवडे एकाच जहाजावर राहतात, तेव्हा त्यांची प्रार्थना, सण, विवाह आणि मृत्यूनंतरचे विधी कोण पार पाडते, याची माहिती अशा कुटुंबांना असणे आवश्यक आहे.

डॉक्टर सक्तीचा, धर्मगुरू ऐच्छिक

नाविकांच्या हक्कांसंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार. तो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आणि एरवी तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असलाच पाहिजे, असे हा करार सांगतो. धर्मगुरूबाबत अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे जहाजावर धर्मगुरू असणे हे कंपनीचे धोरण, प्रवाशांची मागणी आणि त्या त्या धर्माची गरज यांवर अवलंबून राहते.

ही गरज सर्व धर्मांत सारखी नाही. कॅथलिक पंथात मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे हा अधिकार केवळ दीक्षित धर्मगुरूचा असतो. तो नसेल तर श्रद्धाळू एकत्र येऊन प्रार्थना करू शकतात, मिस्सा मात्र होऊ शकत नाही. ज्यू परंपरेत सामूहिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढांची उपस्थिती लागते, ही अट रब्बीपेक्षाही महत्त्वाची. इस्लाममध्ये नमाजाचे नेतृत्व कोणीही जाणकार मुस्लिम करू शकतो. प्रवाशाला चार रकातींची नमाज दोन रकातींत अदा करण्याची मुभा असून शुक्रवारची सामूहिक नमाज त्याच्यावर बंधनकारक नसते.

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबमुळे शीख परंपरा मराठवाड्याला जवळची आहे. शीख धर्मात वेगळा पुरोहितवर्ग नाही. कोणीही शीख स्त्री वा पुरुष अरदास करू शकतो आणि नित्यपाठासाठी गुटका पुरेसा असतो. गुरू ग्रंथसाहिबचा प्रकाश करायचा तर मात्र त्याची मर्यादा पाळता येईल अशी स्वतंत्र जागा लागते. बौद्ध उपासकांनाही त्रिशरण, पंचशील आणि वंदना भिक्खूंविना म्हणता येतात. जहाजांवरील नेमलेले धर्मगुरू प्रामुख्याने ख्रिस्ती आणि काही प्रमाणात ज्यू का असतात, याचे एक कारण या फरकात आहे. अशा जहाजांचे प्रवासी दीर्घकाळ मुख्यतः युरोप-अमेरिकेतील होते, हे दुसरे कारण.

मुंबई ते जेद्दाह

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास जहाजावरील संघटित धर्मजीवनाचे सर्वांत मोठे उदाहरण हजच्या जहाजांचे आहे. १८७७ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे ‘मोगल लाइन’ या नावाने ओळखली गेली आणि १९८६ मध्ये भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली. मुंबई ते जेद्दाह हे सुमारे २,३०० सागरी मैलांचे अंतर कापण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागे.

निजामाच्या राजवटीतील नांदेडचे यात्रेकरू मनमाडमार्गे मुंबई गाठू शकत. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचल्यावर तेथून कुर्डुवाडीचा मार्ग खुला झाला. मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम करून जहाजाची वाट पाहिली जाई. जहाजावर यात्रेकरूंपैकी एकाकडे ‘अमीर-उल-हज’ ही जबाबदारी असे. हा पगारी धर्मगुरू नव्हता. यात्रेकरूंच्या अडचणी ऐकणे आणि त्या जहाजाच्या अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्याचे काम. नमाजाचे नेतृत्व आणि हजच्या विधींचे मार्गदर्शन सोबतचे मौलवी व जाणकार मंडळी करीत.

येथे धर्माचरणाला नौकानयनाची जोड लागे. जहाज दिशा बदलते तशी जहाजावरील किब्ल्याची दिशाही बदलते. भारतातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांसाठी यलमलम हे मीकात मानले जाते, म्हणजे ती सीमा ओलांडण्यापूर्वी इहराम धारण करावा लागतो. समुद्रात ही सीमा डोळ्यांना दिसत नाही. ती जवळ आल्याचे जहाजाच्या अधिकाऱ्यांकडूनच कळू शकते. मुंबईहून होणारी समुद्रमार्गे हजयात्रा १९९५ मध्ये थांबली. ती पुन्हा सुरू करण्याच्या प्रस्तावाला सौदी अरेबियाने २०१८ मध्ये अनुकूलता दर्शविली. तथापि यात्रेकरू विमानानेच जात राहिले.

पाहुणे धर्मगुरू आणि कप्तान

पाश्चात्त्य प्रवासी जहाजांवर रविवारची प्रार्थना कप्तानाने घेण्याची प्रथा जुनी आहे. १४ एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे हिमनगाशी टक्कर झाली त्याच रविवारी, ‘टायटॅनिक’वर कप्तान एडवर्ड स्मिथ यांनी पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात प्रार्थना घेतली होती. त्याच जहाजावर फादर थॉमस बाइल्स हे भावाच्या विवाहासाठी निघालेले प्रवासी होते. त्यांनी सकाळी मिस्सा अर्पण केली आणि रात्री जहाज बुडत असताना लोकांचे पापनिवेदन ऐकले. बचावनौकेत न बसता ते जहाजावरच राहिले.

आजच्या क्रूझवर तीन प्रकार आढळतात. काही कंपन्या सफरीपुरते धर्मगुरू बोलावतात. हॉलंड अमेरिका लाइन ही कंपनी यासाठी विशेष ओळखली जाते. अशा धर्मगुरूंना सहसा पगार नसतो. राहण्या-जेवणाची सोय हाच मोबदला. अमेरिकेत कॅथलिक धर्मगुरूंची निवड नाविकांसाठी काम करणाऱ्या चर्चच्या संस्थेमार्फत होते आणि त्यासाठी त्यांच्या बिशपांची संमती लागते. हा दाखला महत्त्वाचा, कारण स्वतःला धर्मगुरू म्हणविणारी व्यक्ती खरोखर दीक्षित आहे की नाही, हे कंपनीला स्वतःहून तपासता येत नाही. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ इटलीच्या कोस्टा कंपनीच्या जहाजांवर, चॅपेल असते आणि दीर्घ मुक्कामाचे धर्मगुरूही नेमले जातात. तिसऱ्या प्रकारात धर्मगुरू नसतात. प्रवाशांना फक्त एखादी खोली आणि वेळ दिली जाते.

कप्तान विवाह लावू शकतो, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. जहाज ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाच्या कायद्याने परवानगी दिली तरच असा विवाह वैध ठरतो. बर्म्युडाचा कायदा अशी परवानगी देतो. क्युनार्ड कंपनीने २०११ मध्ये आपल्या तिन्ही जहाजांची नोंदणी तेथे हलविली, त्यामागे हेही एक कारण होते.

होम, दिवा आणि निर्माल्य

हिंदू परंपरेत जहाजावरील पुरोहिताची प्रथा रुजली नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातक कर्मांत होते. एकोणिसाव्या शतकातही परदेशातून परतलेल्यांना प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागे. आता सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसची जहाजसेवा मुंबईहून सुरू झाल्यानंतर जहाजावरील विवाहसोहळे मराठी कुटुंबांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. अशा वेळी पुरोहित यजमानांनाच सोबत न्यावे लागतात.

मुख्य अडचण अग्नीची असते. जहाजावरील आग ही सर्वांत मोठी आपत्ती समजली जाते, म्हणून केबिनमध्ये मेणबत्ती, उदबत्ती वा निरांजन लावण्यास क्रूझ कंपन्या सामान्यतः मनाई करतात. होम किंवा सप्तपदीसाठी अग्नी हवा असल्यास कंपनीची लेखी परवानगी आधीच घ्यावी. निर्माल्य समुद्रात टाकणेही योग्य नाही. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल कराराच्या २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार जवळपास सर्व प्रकारचा कचरा समुद्रात टाकण्यास बंदी आहे. अस्थिविसर्जनाला काही कंपन्या पूर्वपरवानगीने आणि पाण्यात विरघळणारा कलश वापरण्याच्या अटीवर मान्यता देतात.

कर्मचाऱ्यांचा आधार बंदरावर

वरील व्यवस्था प्रामुख्याने प्रवाशांसाठी आहे. प्रवासी आठ-दहा दिवसांत घरी परततो. कर्मचाऱ्याचा करार साधारणतः सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि दिवाळी, ईद, नाताळ वा भीमजयंती त्या काळात येते. सणाच्या दिवशी जहाजावर गर्दी अधिक, म्हणून कामही अधिक. प्रवाशांसाठीच्या प्रार्थनेला जाण्याची मुभा आणि सवड त्याला मिळेलच असे नाही. जिथे जहाजावरील धर्मगुरू कामाच्या पाळ्या सांभाळून रात्री उशिरा कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रार्थना घेतात, तिथे ही उणीव काही अंशी भरून निघते.

उरलेला आधार बंदरावर मिळतो. १८५६ मध्ये स्थापन झालेली ‘मिशन टू सीफेरर्स’ ही अँग्लिकन संस्था आणि १९२० मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेली, आता ‘स्टेला मारिस’ नावाने ओळखली जाणारी कॅथलिक संघटना जगभरातील बंदरांत जहाजांना भेटी देतात. धर्म न विचारता मदत करणे हे दोन्ही संस्थांचे धोरण आहे. घरी फोन करून देणे, रुग्णालयातील नाविकाची विचारपूस करणे, थकलेल्या पगाराची तक्रार योग्य ठिकाणी पोहोचविणे अशी कामे त्यांत येतात. मुंबईत गोव्याच्या खलाशांनी स्वतःची व्यवस्था उभारली. धोबी तलाव परिसरातील ‘कुड’ म्हणजे एकेका गावाचे सामाईक वसतिगृह. जहाजाची वाट पाहणारा खलाशी तिथे राही आणि तेथील वेदीसमोर रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होई. मराठवाड्यातील तरुणांसाठी अशी सामाईक व्यवस्था उभी राहिलेली नाही. घर सोडल्यावर तो थेट जहाजावर जातो.

बंदराचा आधार तुटल्यास काय होते, हे २०२० मध्ये दिसले. फेब्रुवारीत योकोहामा येथे विलग ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ जण होते. त्यांतील १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. पुढे बंदरेच बंद झाल्याने जगभर हजारो कर्मचारी महिनोन्‌महिने जहाजांवर अडकले आणि धर्मगुरूंना जहाजावर चढणे अशक्य झाले. दूरध्वनी आणि इंटरनेटवरील संवाद एवढेच साधन उरले.

मृत्यू झाल्यास

क्रूझ जहाजावर मृत्यू झाल्यास देह शीतगृहात ठेवून पुढील बंदरावर अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला जातो. समुद्रात दफन आता क्वचितच होते. अंत्यविधी कुटुंबाने आपल्या धर्माप्रमाणे करावा, यासाठी देह मायदेशी आणता येतो. कर्मचाऱ्याचा मृत्यू नोकरीच्या काळात झाल्यास दफन वा दहनाचा खर्च जहाजमालकाने करावा, अशी तरतूद सागरी कामगार करारात आहे.

देहच सापडला नाही तर कुटुंबाचे विधीही थांबतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. जहाजावरील मुंबईच्या एका वेटरचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाले. जवळपास तीन वर्षे त्याच्या कुटुंबाला अंतिम निरोप देता आला नाही.

कुटुंबांनी लक्षात ठेवावे

करारावर सही करण्यापूर्वी भरती करणाऱ्या संस्थेकडे भारताच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे पाहावे. सागरी कामगार करारानुसार जहाजावरील आहार विनामूल्य असतो आणि तो ठरविताना नाविकांच्या धार्मिक गरजा व सांस्कृतिक चालीरीती विचारात घ्याव्या लागतात. मांसाहार वर्ज्य असल्यास किंवा हलाल अन्न हवे असल्यास तसे आधीच कळवावे. बंदरावरील कल्याणकेंद्रे धर्म वा राष्ट्रीयत्वाचा भेद न करता सर्व नाविकांना खुली असावीत, असे बंधन आहे. योग्य तेथे धर्माचरणाची आणि समुपदेशनाची सोय असावी, अशी शिफारसही करारात केलेली आहे.

भरती संस्थेचा परवाना क्रमांक, जहाजाचे नाव, ते कोणत्या देशात नोंदलेले आहे आणि मार्गातील बंदरे यांची नोंद घरी लिहून ठेवावी. अडचणीच्या वेळी त्या बंदरातील नाविक कल्याण संस्थेशी किंवा भारतीय दूतावासाशी संपर्क साधण्यास तीच उपयोगी पडते.