गोळी, गांजा आणि कंबरदुखी: एका कुलपाचा इतिहास

दिवा हे गाव राहतं ठाणे महापालिकेत आणि जगतं मुंबईवर. सकाळच्या लोकलमध्ये शिरायला मिळालं तर तास-दीड तास एका पायावर, खांद्यावर बॅग आणि पाठीवर दुसऱ्याचं कोपर. संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं. कंबर, मान, गुडघे यांची तक्रार इथे तिशीतच सुरू होते. स्टेशनबाहेरच्या मेडिकलवर "कंबर धरलीय, काहीतरी द्या" एवढं म्हटलं की कात्रीनं पाच गोळ्या कापून मिळतात. त्या गोळीचं नाव काय, ती किती दिवस घ्यायची, पोटाला आणि किडनीला काय करते, हे विचारायला वेळ कुणाला असतो?

त्याच लोकलमध्ये, त्याच फोनवर, आता दुसरं एक उत्तर येऊन धडकतं. अमेरिकेत लोक पेनकिलर सोडून 'मेडिकल गांजा' घेतात म्हणे. झाडाचं आहे म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे निर्धोक. मग डॉक्टरची गोळी बरी की गांजा?

प्रश्न नवा वाटतो, पण तो जवळपास पावणेदोनशे वर्षं जुना आहे. आणि पहिल्यांदा नीट विचारला गेला तो अमेरिकेत नाही, आपल्याकडेच.

तारवाला डॉक्टर

विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवायचा. आसपासचे वैद्य-हकीम भांग-गांजा औषध म्हणून वापरतात हे त्यानं पाहिलं. आधी प्राण्यांवर आणि मग संधिवात, धनुर्वात, कॉलरा यांच्या रुग्णांवर त्यानं गांजाच्या अर्काचे प्रयोग केले आणि १८३९ मध्ये ते तिथल्या वैद्यकीय मंडळापुढे मांडले. धनुर्वात बरा होतो असा त्याचा दावा नव्हता, पण वेदना आणि झटके कमी होतात असं त्याला दिसलं. पुढे तो हे औषध घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथल्या औषधांच्या दुकानांत गांजाच्या अर्काच्या बाटल्या दिसू लागल्या.

याच माणसानं नंतर भारतात तारायंत्राचं जाळं उभारलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या तारांनी मुंबई कोलकात्याला जोडली गेली. तार टिकली, गांजाचा अर्क मात्र नाही. कारण साधं होतं. गांजा पाण्यात विरघळत नाही, आणि एका बाटलीतला अर्क जोरदार तर दुसरीतला निव्वळ हिरवं पाणी. दरम्यान इंजेक्शनची सुई आली. तिच्यातून मॉर्फिन मोजून देता येत होतं आणि क्षणात काम करत होतं. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. डॉक्टरला हवा असतो ठरलेला डोस आणि ठरलेला परिणाम. गोळी जिंकली ती त्यावर. गांजातला मुख्य घटक, टीएचसी, वेगळा काढायला १९६४ उजाडावं लागलं.

साहेबांनी ११९३ जणांना विचारलं

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न आला: हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होत आहेत, सरकार काय करतंय? त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. सात सदस्यांत तीन हिंदी होते. मुंबई इलाख्यासह देशभर फिरून त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, वैद्य, कलेक्टर, व्यापारी, मिशनरी, सगळ्यांना विचारलं.

सर्वांत मजेशीर शोध लागला वेड्यांच्या इस्पितळांत. गांजानं वेड लागतं याचा पुरावा म्हणजे तिथली रजिस्टरं. कमिशननं १८९२ सालचा एकेक रुग्ण तपासला, तेव्हा कळलं की 'वेडाचं कारण' हा रकाना बहुतेक वेळा रुग्णाला घेऊन येणारा पोलीस भरत होता. माणूस अनोळखी, घरचं कुणी नाही, कारण तर लिहायलाच हवं. मग लिही 'गांजा'. वरिष्ठ कार्यालयांनी त्याच रकान्यांची बेरीज करून तक्ते छापले आणि तक्ता छापला की तो पुरावा होतो.

१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा: माफक वापरानं सहसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो. सरसकट बंदी नको, परवाने आणि कर लावून नियंत्रण ठेवा. वैद्यकीय वापराच्या नोंदी तर भरपूर आहेत, आणि कष्टकरी माणसं थकवा घालवायला भांग-गांजा घेतात हेही आहे. अर्थात सरकारला कर हवाच होता, त्यामुळे अहवाल अगदी निःस्वार्थी म्हणता येणार नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांनी निदान विचारलं.

अफू: मुंबईची जुनी ओळख

गांजाचा मोठा भाऊ म्हणजे अफू. मुंबईच्या श्रीमंतीत माळव्याच्या अफूचा वाटा मोठा. चीनशी अफूचा व्यापार करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय आघाडीवर होते, आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. अफूचा पैसा रुग्णाच्या खाटेपर्यंत असा पोचला.

दुसऱ्या टोकाला गिरणगाव. कामावर जाणारी आई तान्ह्या बाळाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवायची, कारण बारा-बारा तास त्याला बघणारं कुणी नव्हतं. १९२० च्या दशकात या चालीबद्दल सरकारी पाहण्या झाल्या आणि गदारोळ उठला. पण गोळी देणाऱ्या आईला पाळणाघर हवं होतं, बोल नकोत. नशेच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं: गोळी दिसते, ती का घ्यावी लागली ते दिसत नाही.

१९८५ चं कुलूप

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आणि अफू कडक नियंत्रणाखाली आले. भारतानं १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू केला. गांजा आणि चरस बंद झाले. झाडाच्या शेंड्यांशिवायची पानं व्याख्येतून वगळल्यामुळे भांग राज्यांच्या हाती राहिली. म्हणून वाराणसीत भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही पकडतो.

कायदा आणायचं कारण खोटं नव्हतं. मुंबईत त्या काळात ब्राउन शुगरनं घरं उद्ध्वस्त केली होती. कायद्यात 'वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगासाठी' अशी सवलतही होती. पण शिक्षा होती कमीत कमी दहा वर्षं, आणि मॉर्फिन ठेवायला अनेक खात्यांचे परवाने. एकाची मुदत संपली की दुसरा निरुपयोगी. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी सोपा मार्ग धरला: ठेवायचंच नाही.

१९८५ मध्ये देशात वैद्यकीय मॉर्फिनचा वापर वर्षाला पाचशे किलोंहून जास्त होता. १९९७ मध्ये तो १८ किलोंवर आला. सगळ्या भारतासाठी अठरा किलो! आणि हा देश जगातल्या औषधी अफूच्या सर्वांत मोठ्या कायदेशीर उत्पादकांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी देखरेखीखाली अफू पिकत होती, परदेशी जात होती, आणि इथला कर्करोगाचा रुग्ण शेवटचे दिवस साध्या गोळीवर, दातओठ खात काढत होता.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन हेच मुख्य औषध. त्याच वर्षी वांद्र्यात शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. म्हणजे उपाय माहीत होता, माणसंही होती, फक्त औषधाला कुलूप होतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसह काही औषधांचे परवाने सोपे झाले. २९ वर्षं लागली.

दुसऱ्या टोकाची चूक

आपण कुलूप लावत होतो, तेव्हा अमेरिकेनं दार सताड उघडलं. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी बाजारात आणली आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगत कंबरदुखीपर्यंत तिचा प्रचार केला. २००७ मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीनं दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, पण तोवर लाखो लोक अडकले होते. योगायोग असा की १९९६ मध्येच कॅलिफोर्नियानं मतदानानं वैद्यकीय गांजा कायदेशीर केला. 'गांजा विरुद्ध गोळी' या आजच्या वादाचा जन्म हा.

२०१४ मध्ये एक अभ्यास गाजला. १९९९ ते २०१० या काळात वैद्यकीय गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनानं होणारे मृत्यू जवळपास २५ टक्के कमी होते. "गांजा जीव वाचवतो" अशा बातम्या झाल्या, आणि फोनवर अजून फिरतात. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून आकडे २०१७ पर्यंत नेले, तर चित्र उलटलं: मृत्यू २३ टक्के जास्त. याचा अर्थ गांजानं माणसं मारली असा नाही. राज्यांच्या सरासरीवरून एका माणसाच्या वेदनेबद्दल काही ठरवता येत नाही, एवढाच. वेड्यांच्या इस्पितळातला रकाना आठवतो ना?

मग बरं काय?

गोळीची बाजू आधी पाहू. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली. जुनाट पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या संधिवातात अफूवर्गीय औषधं साध्या पेनकिलरपेक्षा सरस ठरली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. म्हणजे कर्करोगात वरदान असलेलं औषध कंबरदुखीत निरुपयोगी ठरू शकतं. आणि साध्या पेनकिलर महिनोन्महिने खाल्ल्या तर जठरात अल्सर होतो, किडनी बिघडते.

आता गांजा. २०२१ मध्ये वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पुरावा अपुरा म्हणून वेदनेसाठी गांजाचं समर्थन करायला नकार दिला. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका तज्ज्ञगटानं सांगितलं की इतर उपाय थकले असतील, तर ओढायचा नाही अशा स्वरूपात वापरून पाहायला हरकत नाही. गुण येतो तो बहुधा थोडा, काहींनाच. चक्कर, सुस्ती, विसरभोळेपणा येतो. काहींना सवय लागते, आणि कोवळ्या वयात मनोविकाराचा धोका वाढतो. आपल्याकडे 'विजया' नावानं आयुर्वेदिक परवान्याखाली तेलं आणि गोळ्या मिळतात. पण जुन्या ग्रंथातला उल्लेख वेगळा आणि पाठदुखीच्या शेकडो रुग्णांवरची चाचणी वेगळी. ती चाचणी इथे व्हायला हवी. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारतानं बाजूनं मत दिलं. संशोधनाचं दार त्यामुळे थोडं किलकिलं झालं आहे.

या सगळ्या इतिहासात एक धागा सरळ जातो. अमुक वस्तू औषध की नशा, हे कधी कराच्या कचेरीत ठरलं, कधी पोलिसाच्या रकान्यात, कधी कंपनीच्या जाहिरातीत. दुखणाऱ्या माणसाच्या खाटेशेजारी ते क्वचितच ठरलं. म्हणून "गोळी की गांजा" हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: कुठलं दुखणं, किती दिवसांचं, कशाचा पुरावा, आणि लक्ष कोण ठेवणार? कर्करोगाच्या रुग्णासाठी घरात कुणी "मॉर्फिन नको, सवय लागेल" म्हणालं, तर त्याला अठरा किलोंची गोष्ट सांगा. आणि कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, तर कात्रीनं कापलेल्या पाच गोळ्या आणि फोनवरचं तेल दोन्ही बाजूला ठेवून एकदा डॉक्टरसमोर बसा. तिथे मात्र ओशॉनेसीसारखं सगळं नोंदवून न्या: कधी दुखतं, कशानं वाढतं, काय काय खाऊन झालं.