अपस्मारावरील शस्त्रक्रिया : इतिहास

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या समूहात एकाएकी अतिरिक्त विद्युत् विसर्जन होऊन वारंवार झटके येण्याच्या विकारास अपस्मार (फेफरे, मिरगी, आकडी) म्हणतात. बहुसंख्य रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत मात्र ते येत नाहीत. अशांपैकी काहींच्या बाबतीत झटक्यांचा उगम मेंदूच्या मर्यादित भागात दाखविता येतो. तो भाग काढल्याने वाचा, स्मृती किंवा हालचाल यांची भरून न येणारी हानी होणार नसेल, तर शस्त्रक्रिया हाच त्यांच्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. या दोन अटी पुऱ्या होतात की नाही, हे आधी कसे ओळखावयाचे, हा या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा गाभा आहे. प्रत्यक्ष छेद घेण्याचे कौशल्य त्या मानाने लवकर साधले.

भारतीय वैद्यकास हा विकार प्राचीन काळापासून परिचित आहे. चरकसंहितेत निदान व चिकित्सा या दोन्ही स्थानांत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय असून ‘स्मृतीचा लोप’ हा अर्थ या नावातच आहे. लोकव्यवहारात मात्र तो भूतबाधा किंवा वेड यांच्या पंक्तीत बसविला गेला. झटका आलेल्यास कांदा वा चामड्याची वहाण हुंगविण्याची चाल अजूनही पूर्णपणे गेलेली नाही. ब्रिटिश अमदानीत वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांमध्ये अपस्माराची नोंद होत असे. नागपुरात सदर बाजाराच्या उत्तरेस असलेले मनोरुग्णालय १८६४ मध्ये स्थापन झाले, ते याच समजुतीच्या काळात. अपस्मार हा मेंदूच्या विशिष्ट जागेचा विकार असू शकतो, हा विचार त्या वेळी यूरोपातही नुकताच मूळ धरू लागला होता.

तो शास्त्रीय पायावर मांडण्याचे श्रेय इंग्रज वैद्य जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन (१८३५–१९११) यांच्याकडे जाते. झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातावर व चेहऱ्यावर पसरत असेल, तर त्या क्रमावरूनच मेंदूतील उगमस्थान सांगता येते, असे त्यांनी दाखविले. विल्यम मॅकेवेन यांनी १८७९ मध्ये ग्लासगो येथे केवळ लक्षणांवरून जागा ठरवून मेंदूलगतची गाठ काढली. लंडनमध्ये २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली (१८५७–१९१६) यांनी लहानपणी डोक्यास दुखापत झालेल्या २२ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूवरील व्रण काढला. त्याचे झटके थांबले. तथापि दुखापतीची खूण किंवा गाठ नसलेल्या रुग्णांत कवटी कोठे उघडावी, याचे उत्तर अद्याप नव्हते.

ते जर्मन मानसोपचारतज्ञ हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विद्युत् मस्तिष्कालेखनाने मिळू लागले. कॅनडातील माँट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांनी १९३४ मध्ये स्थापिलेल्या संस्थेत हर्बर्ट जॅस्पर यांच्या साहाय्याने या आलेखनाची शस्त्रक्रियेशी सांगड घातली. डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, उघड्या मेंदूस सौम्य विद्युत् प्रवाहाचा स्पर्श करीत आणि तो काय अनुभवतो ते त्यालाच विचारीत. बोलणे अडखळले की ती जागा वर्ज्य समजत. मेंदूतील अनेक केंद्रांचे नकाशे अशा प्रकारे रुग्णांच्याच उत्तरांतून तयार झाले आहेत [⟶ मेंदू].

पूर्वतयारी अपुरी असल्यास काय घडते, याचे उदाहरण याच काळातील आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी १९५३ मध्ये २७ वर्षांच्या हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही शंखखंडांचा आतील भाग काढला. झटके पुष्कळ कमी झाले, परंतु नवीन काहीही लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. स्मृतिलोपाचे नाव धारण करणाऱ्या विकारावरील उपचारानेच स्मृती हिरावून घेतली, असे म्हणावे लागते. ब्रेंडा मिल्नर यांनी या रुग्णाचा प्रदीर्घ अभ्यास केला. दोन्ही बाजूंस हात घालावयाचा नाही, आणि एका बाजूस घालण्यापूर्वी दुसरी स्मृतीचा भार पेलू शकेल याची खातरजमा करावयाची, हा दंडक तेव्हापासून रूढ झाला. जून वाडा यांची मेंदूचा एक अर्धगोल काही मिनिटे निद्रित करून वाचा व स्मृती तपासण्याची चाचणी या कामी उपयोगी पडली.

भारतात ही परंपरा माँट्रिऑलहूनच आली. पेनफील्ड यांच्याकडे शिकलेले जेकब चांडी (१९१०–२००७) यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला तंत्रिका शल्यविज्ञान विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तेथे अपस्मारावरील शस्त्रक्रिया केली. मुंबईतील अग्रगण्य तंत्रिका शल्यविशारद राम गिंडे हेही माँट्रिऑलचेच विद्यार्थी. वेल्लोर येथे काम केलेले तंत्रिकाविशारद जी. एम. ताओरी यांनी पुढे नागपुरात बजाजनगर येथे सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था उभारली. विदर्भातील अपस्माराचे रुग्ण या विद्याशाखेच्या कक्षेत येण्यास अशा संस्था कारणीभूत झाल्या. आरंभीच्या या कार्यानंतर देशात अपस्मारावरील शस्त्रक्रिया बराच काळ तुरळकच होत राहिल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत कुरुपथ राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने त्यांचे पुनरुज्जीवन झाले. तोवर चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनामुळे (एमआरआय) शंखखंडातील आकसलेला भाग कवटी न उघडता दिसू लागला होता.

योग्य अशा दोन औषधांनी झटके थांबले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा संकेत आहे. रुग्णास काही दिवस रुग्णालयात ठेवून, औषधे बेताने कमी करून, मुद्दाम झटका येऊ देतात व त्या वेळचे आलेखन आणि चलच्चित्रण एकाच वेळी करतात. नातेवाइकांना हा प्रकार क्रूर वाटतो. पण उगमस्थानाचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्यातूनच मिळतो. स्मृती व भाषा यांच्या चाचण्या रुग्णाच्या मातृभाषेतच घ्याव्या लागतात. वऱ्हाडातील निरक्षर शेतकऱ्यास इंग्रजी शब्दांच्या यादीने तपासल्यास निघणारा निष्कर्ष त्याच्या मेंदूविषयी काहीच सांगत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत रुग्ण घरी जातो. डोळ्याभोवती सूज, डोकेदुखी, घास चावताना जबड्यात दुखणे व विलक्षण थकवा ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. पूर्ववत कामावर जाण्यास दीड ते तीन महिने लागतात. पहिल्या आठवड्यातील एखादा झटका अपयशाचे चिन्ह नसतो. औषधे मात्र झटके थांबले तरी एकाएकी बंद करीत नाहीत; सामान्यतः एकदोन वर्षांनंतर ती क्रमाने कमी करतात. काहींना शब्द पटकन न आठवणे, दृष्टिक्षेत्राचा वरचा कोपरा न दिसणे किंवा विषण्णता यांचा त्रास होतो. एक अडचण वैद्यकापलीकडची आहे : वर्षानुवर्षे सांभाळलेल्या माणसास एकट्याने विहिरीवर वा बाजारात जाऊ देण्यास घरचे लोक धजत नाहीत, आणि बरे झालेल्या माणसासही आजाराची सबब न उरल्याने नव्या अपेक्षांचे ओझे वाटते.

लाभाचा निर्णायक पुरावा उशिरा हाती आला. कॅनडात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या तुलनात्मक परीक्षणात शस्त्रक्रियागटातील ५८ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांतील ८ टक्के रुग्ण वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात झटक्यांपासून मुक्तीचे हे प्रमाण ७७ व ७ टक्के होते. तथापि शस्त्रक्रियागटातील सुमारे एकतृतीयांश मुलांत अंगाच्या एका बाजूची दुर्बलता यांसारखे गंभीर परिणामही आढळले. म्हणूनच आईवडिलांना दोन्ही आकडे आधी सांगणे हा पूर्वतयारीचाच भाग मानतात.

कायद्याने या रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी वैद्यकाहून मंदगतीने बदलली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास अपात्र ठरविणारे मानले गेले होते. तो उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. वेल्लोरच्या पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा ४७ वर्षे झाली होती.