लिस्बनला जाताय? एक कार्ड, चार मेट्रो मार्ग आणि चढ-उताराचं शहर

गोव्याच्या आणि सीमाभागाच्या अनेक घरांत लिस्बन हे नाव नवं नाही. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला आहे, कोणाला जन्मनोंदणीच्या कागदांसाठी जायचं आहे, तर कोणी मुलांकडे महिनाभर राहायला निघालं आहे. जाणाऱ्यांची खरी पंचाईत होते ती पहिल्या दोन दिवसांत. भाषा कळत नाही, दिशा कळत नाही, आणि मग जो भेटेल त्याच्या हाती पैसे द्यावे लागतात. शहराची रचना आणि तिथली वाहनव्यवस्था आधी समजून घेतली, तर यातला बराच खर्च आणि मनस्ताप टळतो.

शहर कसं आहे

पोर्तुगालची राजधानी लिस्बन तेजो नदीच्या मुखापाशी वसली आहे. नदी शहराच्या दक्षिणेला, विमानतळ उत्तरेला. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धा नकाशा कळतो. २०२१ च्या जनगणनेत खुद्द शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. आजूबाजूचा महानगर प्रदेश धरला तर ती २८ लाखांच्या वर जाते. म्हणजे राहणारे बाहेर आणि कामाला येणारे आत, असा रोजचा लोंढा असतो.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर नदीकाठचा 'बाइशा' हा भाग सरळ रेषेतले रस्ते आखून नव्याने बांधला गेला. तो सपाट आहे. त्याच्या दोन्ही अंगांना मात्र टेकड्या आहेत, आणि नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात दम काढणारी चढण निघते. पदपथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी आहे; पाऊस पडला की ती निसरडी होते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पकड असलेले बूटच न्यावेत.

तिथवर पोचायचं कसं

गोव्यातून किंवा बेळगावातून लिस्बनला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठायचं आणि पुढे दुबईसारख्या आखाती शहरातून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून विमान बदलायचं. दोन्हीत एक फरक आहे. आखातातून गेल्यास पासपोर्टची तपासणी लिस्बनला होते. फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे गेल्यास ती तिथेच होते, कारण शेंगेन क्षेत्रात प्रवेश तिथे होतो. त्यामुळे दोन विमानांमध्ये दीड तासाचंच अंतर असलेलं स्वस्त तिकीट महागात पडू शकतं. मध्ये तीन तास तरी हवेत.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

निघण्याआधी बँकेत जाऊन किंवा ॲपवरून कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करून घ्यावेत. आपल्याकडे ते मुळात बंदच असतात. दोन वेगवेगळी कार्डं आणि थोडे रोख युरो जवळ असले की बरं.

विमानतळावरून शहरात

विमानतळ शहरातच आहे. मध्यभागापासून सात किलोमीटरच्या आसपास. मेट्रोचं स्टेशन विमानतळालाच लागून आहे. हा तांबडा मार्ग. यावरची तीन स्टेशनं लक्षात ठेवावीत :

- आलामेदा : इथे हिरव्या मार्गावर बदलून रोसियो, बाइशा-शियादो आणि काइश दो सोद्रेला जाता येतं.
- सालदान्या : इथे पिवळा मार्ग मिळतो.
- सांव सेबास्तियांव : हे शेवटचं स्टेशन. इथून निळा मार्ग थेट सांता आपोलोनिया रेल्वे स्थानकापर्यंत जातो.

लांब पल्ल्याची रेल्वे पकडायची असेल तर शहरात शिरायची गरज नाही. विमानतळापासून तिसरं मेट्रो स्टेशन ओरिएन्ते. पोर्तो आणि कोइंब्राच्या गाड्या तिथे मिळतात. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एकपर्यंत चालते. विमान त्यानंतर उतरणार असेल तर मीटरची टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी घ्यावी. टॅक्सीचा रात्रीचा दर दिवसापेक्षा जास्त असतो, आणि तो नऊपासून लागू होतो.

परतीच्या वेळी एक गोष्ट तपासावी. स्वस्त विमान कंपन्यांची काही उड्डाणं टर्मिनल दोनवरून सुटतात. मेट्रो तिथे जात नाही. टर्मिनल एकवरून मोफत बस असते. त्यासाठी अर्धा तास हातात ठेवावा.

कार्ड आणि हिशेब

मेट्रोच्या यंत्रावर 'नावेगान्ते' नावाचं कार्ड ५० सेंटला मिळतं. त्यात पैसे भरायचे, आत जाताना टेकवायचं आणि मेट्रोतून बाहेर पडतानाही टेकवायचं. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. नवरा-बायको दोघांचं एका कार्डावर भागत नाही.

२०२५ च्या दरानुसार मेट्रो आणि शहर बसचं एक तिकीट १.८५ युरोंचं होतं. ते एक तास चालतं आणि त्यात मेट्रोतून बसमध्ये बदलता येतं. २४ तासांचं तिकीट ७ युरोंचं होतं. त्या दराने चार वेळा प्रवास केला की सुट्या तिकिटांचे ७.४० युरो होत. म्हणजे दिवसात चार किंवा जास्त फेऱ्या असतील तरच २४ तासांचं तिकीट फायद्याचं; नाहीतर नाही. चालकाकडे रोख देऊन तिकीट घेतलं तर जास्त पैसे पडतात, हेही ध्यानात असू द्यावं.

एक महिना किंवा त्याहून जास्त राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. एप्रिल २०१९ पासून महानगर प्रदेशातल्या सगळ्या १८ नगरपालिकांसाठी मिळून ४० युरोंचा मासिक पास आहे, फक्त शहरापुरता हवा असेल तर ३० युरोंचा. मेट्रो, बस, लोकल रेल्वे आणि नदीवरची फेरीबोट सगळं त्यात येतं. त्यासाठी फोटो असलेलं नावाचं कार्ड काढावं लागतं. नदीपलीकडे भाडं कमी म्हणून राहणाऱ्यांना हाच पास परवडतो.

ट्राम, बोट आणि लोकल

ट्राम क्रमांक २८ जुन्या गल्ल्यांतून टेकड्या चढत जाते. पर्यटकांची झुंबड असते आणि खिसेकापूही तेवढेच. पासपोर्ट मागच्या खिशात ठेवून तीत चढू नये. सांव जोर्जच्या किल्ल्यावर जायचं असेल तर ७३७ क्रमांकाची बस सोपी. ३ सप्टेंबर २०२५ रोजी 'ग्लोरिया' ही उतारावरची जुनी केबल गाडी घसरून १६ जणांचा जीव गेला. तशा इतर गाड्याही त्यानंतर थांबवण्यात आल्या होत्या, म्हणून त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

बेलेंला जाण्यासाठी ट्राम १५ किंवा काइश दो सोद्रेहून काश्काइशची लोकल. वास्को द गामाची कबर तिथल्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे. मठ सोमवारी बंद असतो. सिंत्राची लोकल रोसियो स्थानकातून सुटते, चाळीस मिनिटं लागतात. काइश दो सोद्रेहून काशिल्याशला बोट जाते. दहा मिनिटांचा प्रवास, कार्ड तेच, आणि नदीवरून सगळं शहर दिसतं.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी 'तोरे दो तोंबो' हे राष्ट्रीय दप्तरखाना महत्त्वाचं ठिकाण. गोव्याहून नेलेले 'मोन्सोंइश' म्हणजे मान्सूनच्या जहाजांबरोबर आलेल्या-गेलेल्या पत्रव्यवहाराचे खंड तिथे आहेत. मराठ्यांच्या इतिहासासाठीही ते उपयोगी पडतात. पिवळ्या मार्गावरच्या सिदादे युनिव्हर्सितारिया स्टेशनवरून चालत जाता येतं.

भाषा आणि जेवण

पाट्या वाचताना मराठी माणसाला अधूनमधून ओळखीचं भेटतं. तिकीट यंत्रावर 'पागार' दिसेल. त्याचा अर्थ पैसे देणे, आपला 'पगार' त्यातूनच आला. पाव, बटाटा, चावी, कोबी हेही शब्द तिकडूनच आलेले. 'साईदा' म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता, 'फेशादो' म्हणजे बंद, आणि सरकारी कार्यालयातला 'सेन्या' म्हणजे टोकन.

शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय काही घेऊ नये. प्रसिद्ध 'पाश्तेल दे नाता'मध्ये अंड्याचा बलक असतो आणि कोबीच्या हिरव्या सुपात सॉसेजची चकती. मार्तिं मोनिज भागात भारतीय उपखंडातल्या लोकांची दुकानं आणि खानावळी आहेत. लुमियार भागातल्या राधा-कृष्ण मंदिराचा रस्ता महात्मा गांधींच्या नावाचा आहे.

कागदपत्रांसाठी जाणाऱ्यांनी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या वारसांची नोंदणीची कामं लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाशी संबंधित असतात. मूळ कागद कोणाही मध्यस्थाकडे सोडून येऊ नयेत, आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं. घरची जमीन, पेन्शन, मतदान यांचा विचार करूनच पुढे जावं.

सर्वांत मोठा धोका नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांना आहे. पर्यटक म्हणून जायचं, काम धरायचं आणि तिथूनच निवासाचा अर्ज करायचा, ही वाट पूर्वी होती. जून २०२४ मध्ये पोर्तुगाल सरकारने ती बंद केली. आता कामासाठी जायचं तर कामाचा व्हिसा इथूनच घेऊन जावं लागतं. 'तिकडे पोचल्यावर बघू, सगळं होतं' असं सांगून लाखो रुपये मागणारा कोणी भेटला, तर तो बंद झालेल्या दाराची चावी विकतोय असं समजावं. निवास परवान्याचं काम ऑक्टोबर २०२३ पासून 'आइमा' ही संस्था पाहते. जुन्या खात्याच्या नावाने कोणी कागद दाखवला तरी सावध व्हावं.

रातो ते काइश दो सोद्रे या जोडमार्गामुळे मेट्रोच्या हिरव्या-पिवळ्या मार्गांची रचना बदलणार आहे. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ताजा नकाशा आणि दर पाहून घ्यावेत. पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत घरी, एक बॅगेत ठेवावी. अडचण आली तर पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन तिन्हींसाठी क्रमांक एकच : ११२.